पहाटे रंकाळा, दुपारी राजवाडा: कोल्हापुरातल्या पक्षीनिरीक्षणाच्या एका दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी आमच्याबरोबर फिरायला येणारी नवी मंडळी आदल्या रात्री फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवली आहेत. बेत साधा आहे. पहाटे रंकाळा तलाव, ऊन चढल्यावर नव्या राजवाड्याच्या आवारातले जाळीमागचे पक्षी आणि म्युझियम, संध्याकाळी परत रंकाळा.

पक्षी बघायचे तर राधानगरीला जावं. जाळीमागचे पक्षी बघायला दुर्बीण घेऊन कशाला जायचं?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात थोडी कीव असते. तरी तो बरोबर आहे, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

रानात पक्षी दिसतो तो पाच-सात सेकंद. बऱ्याचदा उजेडाच्या विरुद्ध, पानाआड, पाठमोरा. एवढ्यात तुम्ही रंग बघता, चोच बघता, आणि तो उडतो. पायाची बोटं कशी होती, डोळ्याभोवती कातडी उघडी होती का, पंख मिटल्यावर टोक शेपटीच्या पुढे जातं का, यातलं काही हाती लागत नाही. जाळीमागचा पक्षी मात्र चार हातांवर अर्धा तास उभा असतो. पिसं साफ करताना तो शेपटीच्या मुळाशी चोच का नेतो ते तिथे दिसतं. तिथे तेलाची ग्रंथी असते, ते तेल चोचीनं घेऊन पिसांना लावलं जातं. पापणी खालून वर मिटते तेही तिथेच दिसतं.

मोराचं घ्या. पिसारा फुलवलेला मोर समोरून सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहा. ज्याला आपण शेपूट म्हणतो ती शेपूट नव्हेच. ती शेपटीवरची आच्छादनाची पिसं. खरी शेपूट आखूड, मातकट रंगाची, मागं ताठ उभी राहून सगळ्या पिसाऱ्याला टेकू देते. रानातला मोर सहसा तुम्हाला आपल्या पाठीमागे येऊ देत नाही.

म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला आधी इथं नेतो. राधानगरी कुठं पळून जात नाही. १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीतही गेलं. तिथं जायच्या आधी डोळा तयार असला तर तिथला दिवस फुकट जात नाही.

मग सगळा दिवस राजवाड्यातच का नाही?

कारण नुसतं जाळीपाशी राहिलं तर डोळा आळशी होतो. सकाळी रंकाळ्यावर जे ओळखता आलं नाही ते वहीत लिहायचं, दुपारी जवळून बघताना त्यातलं काय सुटतं ते तपासायचं, संध्याकाळी त्याच पाण्यावर परत जाऊन पडताळायचं. दिवस असा दोन्हीकडे वाटला तरच त्याला अर्थ आहे.

रंकाळ्यावर उभं कुठं राहायचं आणि दिसतं काय?

सकाळी शहराकडच्या काठावर थांबा, म्हणजे ऊन पाठीशी येतं. संध्याकाळी उलट, शालिनी पॅलेसच्या बाजूनं बघा. फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, उजाडताना पोहोचलात तर उत्तम.

टिबुकली, वारकरी, हळदीकुंकू बदक, लहान पाणकावळा, वंचक, गायबगळा, लहान बगळा, खंड्या ही नेहमीची मंडळी. काठाच्या गवता-झाडोऱ्यात जांभळी पाणकोंबडी. केंदाळ (जलपर्णी) साचलं असेल तर नाक मुरडू नका, त्याच्या कडेला पक्षी आहेत का ते आधी बघा, आणि केंदाळाबद्दल महापालिकेला बोल लावायचं काम नंतर करा. थंडीत पाहुणे येतात, त्यांचा भरवसा देत नाही.

सकाळी दोन बगळ्यांवर लक्ष ठेवा. गायबगळ्याची चोच पिवळी, मान आखूड. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. लांबून दोन्ही नुसते पांढरे. हा फरक दुपारी कामाला येतो.

नव्या राजवाड्यात नेमकं काय आहे?

भवानी मंडपाकडून कसबा बावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही काळ्या दगडाची इमारत आहे. बांधकाम १८७७ ते १८८४, आराखडा मेजर मँट यांचा. आवारात तळं, बाग, जाळीमागे हरणं, इमू आणि पाण्यावरचे पाळीव पक्षी. आत छत्रपती शाहू म्युझियम. कोणी मोठं प्राणिसंग्रहालय मनात धरून आला तर त्याची निराशा होईल. शिकायला मात्र एवढं पुरतं. तिकीट आणि वेळ बदलत राहते, आदल्या दिवशी विचारून निघा.

इमू म्हणजे शहामृगच ना?

नाही. पाय बघा. इमूला तीन बोटं, शहामृगाला दोन. इमू ऑस्ट्रेलियाचा, शहामृग आफ्रिकेचा. उंचीत शहामृगानंतर जगात इमूचाच नंबर लागतो.

इमूकडे आमची मंडळी दोन मिनिटं बघतात आणि पुढे सरकतात. मला ते पटत नाही. कुंपणाशेजारी त्याचं गळलेलं पीस पडलेलं दिसलं तर वाकून नीट बघा. एकाच मुळातून दोन दांड्या निघालेल्या असतात, दोन्ही जवळजवळ सारख्या लांबीच्या. बाकी बहुतेक पक्ष्यांत ही दुसरी दांडी असली तरी बारकी, लुसलुशीत असते. इमूची पिसं एकमेकांत अडकणारी नसतात, म्हणून अंगावर पिसं नसून वाळलेलं गवत लोंबतंय असं वाटतं. पंख असतात, पण इतके लहान की पिसांत लपून जातात. तो मान वळवेल तेव्हा शोधा.

अंडी गडद हिरवी, आणि ती उबवतो नर. जवळजवळ आठ आठवडे तो बसून राहतो, त्या काळात खाणं जवळपास बंद. पिल्लांना घेऊन फिरतो तोही नरच. घशातून ढोलासारखा घुमणारा आवाज येतो तो मादीचा, नर गुरगुरतो.

इमूपालनाचं वारं आपल्याकडे येऊन गेलं ते अनेकांना आठवत असेल. मांस, तेल, अंडी, सगळ्याला सोन्याचा भाव येणार म्हणून शेतकऱ्यांनी कर्ज काढून जोड्या घेतल्या. घेणारा बाजारच नव्हता. पक्षी उरले, खाद्याचा खर्च उरला. म्हणून खेड्यातल्या माणसाला इमू दाखवला की तो आधी हसतो, मग गप्प होतो.

इथं पाहिलेला पक्षी माझ्या यादीत धरायचा का?

जाळीमागचा नाही. पंख छाटून तळ्यात सोडलेला नाही. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, बंदिस्त पक्ष्यांची नोंद करायची नसते. पिंजऱ्यातून निसटून मोकळा उडणारा पक्षी दिसला तर तो नोंदवता येतो, ई-बर्ड त्याला ‘निसटलेला’ म्हणून वेगळा दाखवतं. बजरीगर, कॉकटेल असे पाळीव परदेशी पोपट शहरात अधूनमधून कावळ्यांच्या तावडीत सापडलेले दिसतात ते याच प्रकारातले.

अडचण येते ती मधल्या पक्ष्यांची. तळ्यात पाळीव बदकांबरोबर हळदीकुंकू बदक पोहत असेल तर ते पाळलेलं की आपल्या पंखांनी आलेलं? पायात कडं आहे का बघा. पंख ताणेल तेव्हा एका बाजूची उड्डाणपिसं सरळ रेषेत तुटल्यासारखी आहेत का बघा. पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या शेपटीची टोकं जाळीला घासून झिजतात. माणूस जवळ आला की तो उडतो की खाद्य मागायला येतो, हेही सांगून जातं. तरी खात्री पटत नसेल तर नोंद करू नका. यादीत एक कमी झाल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

मग त्या आवारात मोजण्यासारखं काय उरतं?

पुष्कळ! पिंजऱ्याकडे तोंड करून उभे राहिलेले लोक डोक्यावरून काय गेलं ते बघत नाहीत. खाद्य टाकायची वेळ गाठा. दाणे आणि पाणी जिथं रोज मिळतं तिथं साळुंक्या, चिमण्या, होले, कावळे येणारच, आणि त्यांच्यावर नजर ठेवून घारही. जुनी झाडं असली की तांबट, पोपट, भारद्वाज, दयाळ यांचा कानोसा घ्या.

सगळ्यात चांगला धडा गायबगळ्याचा. हरणांच्या पायांतून तो चालत असतो, खुरांनी उडालेले किडे टिपतो. तो पूर्ण मोकळा आहे, हवा तेव्हा उडून जातो. पण जाळीपलीकडे माणूस येत नाही हे ठाऊक असल्यानं तिथं निर्धास्त असतो. किडा दिसला की आधी मान डावी-उजवी डोलते, पाय जागच्या जागी थांबतात, आणि मग मान सुटते. हे डोलणं एकदा मनात बसलं की माळावर कितीही लांबून गायबगळा ओळखता येतो, चोच दिसायची गरज उरत नाही. हा बगळा यादीत धरा.

तळ्यातले पांढरे ‘हंस’ जंगली आहेत का?

नाहीत. पांढरे, जाड मानेचे, माणसावर धावून येणारे ते पाळीव गूज, म्हणजे कलहंस. चोचीच्या मुळाशी गाठ असेल तर पूर्वज स्वान गूज, नसेल तर बहुधा ग्रेलॅग गूज. चेहऱ्यावर लाल मस्सेदार कातडी असलेलं बदक दिसलं तर ते मस्कोव्ही, मूळचं अमेरिकेचं. ओळखायला शिका, कारण गावोगावच्या तळ्यांवर हेच बघून लोक ‘दुर्मिळ पक्षी आला’ म्हणून फोटो पाठवतात.

यांचे पाय जरूर बघा. बोटांमध्ये सलग पडदा. संध्याकाळी रंकाळ्यावर वारकरी काठावर चढला तर त्याचे पाय बघा. पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगळ्या पाळ्या. तो बदक का नाही, याचं उत्तर तिथं मिळतं.

म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांत पक्षीनिरीक्षकाला काय मिळणार?

संस्थानकाळात शिकारीचा शौक किती होता हे तिथं कळतंच. कोल्हापुरात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, हे तर इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतं. पण पक्ष्यांच्या दृष्टीनं एक गोष्ट लक्षात ठेवा. पेंढा भरलेल्या कुठल्याही पक्ष्याच्या पिसांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवा, चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी यांच्या रंगावर ठेवू नका. मेल्यावर हे रंग उडतात, नंतर कारागीर ते हातानं रंगवतो. डोळा तर काचेचाच. उभं राहण्याची ढबही कारागिराच्या मनातली असते. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून वही-पेन्सिल न्या.

जाळीतून फोटो धूसर येतात. काय करू?

लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, पण मध्ये दुसरं कुंपण असेल तर ते ओलांडू नका. अ‍ॅपर्चर जितकं उघडं ठेवता येईल तितकं ठेवा. पक्षी जाळीपासून मागे सरकेपर्यंत थांबा. उन्हात चमकणारी जाळी सोडून सावलीतली निवडा. फ्लॅश बंद. मोबाइलचा कॅमेरा तर जाळीच्या एका भोकातच बसतो, त्याचं काम सोपं आहे.

फोटो पाठवताना ‘बंदिस्त’ असं लिहा. ते न लिहिता गटात टाकला की दोन दिवस वाद चालतो.

दुर्बीण कोणती?

८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. किंवा हलकी हवी तर ८×३२. घेताना एकच तपासा: दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का? इथं पक्षी इतके जवळ असतात की बऱ्याच दुर्बिणी फोकसच होत नाहीत. दहा पटीच्या मागं लागू नका, हात हलतो.

मुलं शेंगदाणे, बिस्किटं घालायचा हट्ट धरतात. थोडं घातलं तर?

नको. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, डिवचणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३८-जे नुसार मनाई आहे. मुलांना कागद द्या आणि एकाच पक्ष्याचा एकच पाय काढायला सांगा. हट्ट विसरतात.

घरी पोपट पाळलाय. तोही ‘संग्रह’च की!

आपल्याकडचा हिरवा पोपट, पहाडी पोपट, तोईपोपट, तशाच रानातून धरलेल्या मुनिया, हे पाळणं बेकायदा आहे. बाजारात कुणी उघड विकतो म्हणून ते कायदेशीर होत नाही. परदेशी जातींपैकी ज्या साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर यासाठी २०२४ साली नियम आले. बजरीगर आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत.

पिंजरा बघून वाईट वाटतं. तुम्हाला नाही वाटत?

वाटतं. आणि ते वाटणं बंद व्हावं असं मला वाटत नाही. माझं मत असं की आहे तो पक्षी नीट बघावा, त्याची जागा नीट आहे का तेही त्याच नजरेनं बघावं. तोच तो फेरा मारत राहणं, स्वतःची पिसं उपटणं, तासन्‌तास एका जागी डोकं हलवणं ही त्रासाची लक्षणं. सावली, अंघोळीला पाणी, उंच बसायला फांदी, माणसांपासून लपायला आडोसा, या चार गोष्टी आहेत का बघा. नसतील तर व्यवस्थापनाला तारखेसह लेखी कळवा. देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेखीसाठी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे, तिथंही लिहिता येतं. नुसता व्हिडिओ टाकून शिव्या घालण्यानं पक्ष्याला सावली मिळत नाही.

माणसानं सांभाळलेल्या जनावराबद्दल या जिल्ह्याला किती पोटतिडीक आहे ते २०२५ साली नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण गुजरातला हलवली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. त्यातली थोडी जाळीमागच्या मुक्या पक्ष्यांच्या वाट्यालाही यावी.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात, तेव्हा सोबतीला माणसंही मिळतात. मोराचा पिसारा बघायचा असेल तर मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीला या. पाऊस सरताना तो गळून पडतो आणि दिवाळीत आलेली मंडळी ‘लांडोरच आहेत सगळ्या’ म्हणत परत जातात.

बर्ड फ्लूची भीती?

देशात पाळीव कोंबड्यांत तो पहिल्यांदा सापडला २००६ साली, आपल्याच राज्यातल्या नवापूरला. तेव्हापासून साथ आली की पक्षी ठेवलेली ठिकाणं बंद होतात. अशा बातम्या असतील तेव्हा जाऊ नका. एरवी पक्ष्यांना, विष्ठेला हात लावू नका, पीस बघितलं तर हात धुवा आणि पीस तिथंच ठेवा. मोरपीस सोडलं तर रानपक्ष्यांची पिसं घरी नेणं कायद्यातही बसत नाही. बाहेर पडून मिसळ खायच्या आधी बूटही झटका.

इथलं पाहून झालं. मोठा संग्रह बघायला कुठं जाऊ?

मुंबईला भायखळ्याची राणीची बाग. तिथं माणसानं आत चालत जाऊन बघायचं मोठं पक्षीघर आहे, आणि २०१६ साली आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांची पुढची पिढीही. पुण्याला कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. दक्षिणेला जायची तयारी असेल तर म्हैसूर: १८९२ पासूनचं प्राणिसंग्रहालय आणि शेजारी कारंजी तलावाचं पक्षीघर, तिथं एक दिवस पुरत नाही. सगळीकडे पद्धत एकच ठेवा. सगळे पिंजरे संपवायच्या मागं लागू नका, तीन-चार पक्षी निवडा.

वाटेत जखमी पक्षी सापडला तर?

मांज्यात अडकलेल्या घारी आणि बगळे शहरात सापडतात. घारीवर आधी जाड कापड टाका, मगच उचला, पंजे जोरात रुततात. बगळ्याची चोच डोळ्यावर येते, त्याला तोंडापासून लांब धरा. दोरा ओढून काढू नका, दोन्हीकडून कापा, जखमेत रुतलेला भाग डॉक्टरांसाठी राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून झाकण लावा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. तिथं कळवताना पक्षी नेमका कुठं सापडला ते सांगा आणि कागदावर लिहून खोक्यालाही चिकटवा, कारण बरा झाल्यावर शक्यतो त्याच भागात सोडतात.